नानासाहेब डहाळे यांच्या चार तोळ्यांबाबत

लिहून ठेवणार: उमा श्रीधर लासूरकर, वय वर्षे त्र्याहत्तर, जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक या पदावरून निवृत्त, राहणार सिडको एन-सात, छत्रपती संभाजीनगर. माझ्या सगळ्या जुन्या कागदांवर औरंगाबाद लिहिलेलं आहे, तेच हे गाव.

हा कागद मी माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, बाकी डोकं जागेवर आहे. तसा दाखला आमच्या कॉलनीतल्या डॉ. सोनिया गायकवाड यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून सही घेईल असा माणूस अजून भेटायचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुढे करीन असंही वाटत नाही.

माझा भाचा अ‍ॅड. हिमांशू याने आधी एक टाइप केलेला मसुदा आणून दिला होता. त्यात माझ्या यजमानांचं नाव दोन ठिकाणी चुकलं होतं. "मावशी, तुझं सगळं एका पानात बसतं," असं तो म्हणाला. बसत नाही. चौतीस वर्षं मी लोकांच्या अर्जांवर त्रुटी काढल्या, त्यामुळे माझ्या शेवटच्या अर्जावर कोणी त्रुटी काढलेली मला चालणार नाही. मसुदा त्याला परत केला. तरी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून त्यालाच नेमते, कारण मुलगा आळशी आहे, खोटा नाही.

कलम १. एन-सातमधलं राहतं घर माझा मुलगा वरद आणि मुलगी वैदेही यांना निम्मे-निम्मे. हे घर माझे यजमान श्रीधर यांनी वीज मंडळातल्या नोकरीवर कर्ज काढून बांधलं आणि ते फेडता फेडता आम्ही दोघं म्हातारे झालो. आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला ज्वारी उभी असायची. आता गच्चीत उभं राहिलं तरी दुसऱ्यांच्या टाक्याच दिसतात. वरद, तू पुण्यातून येऊन राहणार नाहीस आणि वैदेही नाशिक सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे. विकायचं तर विका. फक्त भांडू नका, आणि भांडलातच तर हिमांशूच्या फीवर पैसे घालवू नका.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि पेन्शनच्या खात्यात जे निघेल ते, त्यातून पन्नास हजार रुपये वजा जाता, दोघांना सारखे. ते पन्नास हजार लासूर स्टेशन येथील कै. भागूबाई यांच्या सुनेला, सरूबाईला, द्यावेत. भागूबाई माझ्या सासूबाईंकडे कामाला होत्या. कशासाठी द्यायचे ते पुढे कळेल.

कलम ३. शिलाई मशीन वैदेहीला. गोदरेजचं कपाट ज्याला उचलता येईल त्याला. दोनशे लिटरची निळी पिंपं चार आहेत, ती कॉलनीत ज्यांच्याकडे गच्चीवर टाकी नाही त्यांना द्यावीत. हिमांशू म्हणाला, "मावशी, मृत्युपत्रात पिंपांना कोणी कलम देतं का?" त्यानं बारा-तेराचा उन्हाळा पाहिलेला नाही, तेव्हा तो मुंबईत शिकत होता. चौथ्या दिवशी नळ यायचा, तोही पाऊण तास. मागच्या गल्लीतले एक निवृत्त इंजिनिअर नळाला थेट मोटर लावायचे आणि आमच्याकडे नुसती हवा यायची. त्यांचं नाव लिहीत नाही, मुलं चांगली आहेत त्यांची. पण त्यांना यातलं एकही पिंप देऊ नये.

कलम ४. श्रीधर यांची हत्यारांची पेटी वरदला. त्यात तीन टेस्टर, पकडी, इन्सुलेशन टेप आणि त्यांचा वायरमनचा जुना कमरपट्टा आहे. वरदला घरातला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही, तरी त्यालाच. त्यांच्या हातांचा वास अजून त्या पेटीला आहे. चौदा वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि माझी पेटी उघडायची सवय सुटलेली नाही.

कलम ५. दागिन्यांपैकी मोत्यांची नथ आणि कानातल्या कुड्या माझी नात मनस्विनी, म्हणजे वरदची मुलगी, हिला. मंगळसूत्र वैदेहीला. वैदेहीला लग्नात घातलेला सेट तिचाच आहे, त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. म्हणजे कायद्यानं नाही. माझ्याजवळची बोरमाळ आणि बांगड्यांचा एक जोड यातून वगळला आहे. त्यांची व्यवस्था पुढच्या कलमात आहे, आणि खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्या एका कलमासाठी आहे.

कलम ६. बोरमाळ आणि बांगड्या, बोरमाळेच्या मण्यांतली लाख वजा जाता चार तोळे आणि वर थोडं, सराफ्यातले कै. नानासाहेब डहाळे यांचा मुलगा कृष्णा याला द्याव्यात. हे दान नाही आणि बक्षीसही नाही. त्याच्या वडिलांचं सोनं माझ्याकडे आलेलं आहे, ते परत करायचं आहे. वरद आणि वैदेही यांना याचं कारण माहीत नाही. मीच कळू दिलं नाही.

नानासाहेबांचं दुकान म्हणजे सराफ्यातला दहा फुटी गाळा. पांढरी गादी, भिंतीत तिजोरी, काचेच्या पेटीत सोनं तोलायचा छोटा ताजवा. माझ्या पहिल्या पगाराचा पहिला मणी मी तिथून घेतला. पुढे प्रत्येक गुरुपुष्याला एक मणी. पुरेसे झाले की नाना ते ओवून द्यायचे. बोरमाळ अशीच झाली, वीस-बावीस वर्षांत. मी घासाघीस करायची आणि ते ऐकून घ्यायचे. "वहिनी, तुमची एवढी फाईल मंजूर करा आता," असं म्हणून हसायचे. केलेल्या प्रत्येक वस्तूवर आतल्या अंगाला ते बारीक शिक्का मारत, 'ना. ड.' म्हणून. शिक्का दाखवला की मोड कधीही परत घेत, आणि वजनातली घट कापताना माझ्यादेखत कापत.

मी सराफ्याची वकिली करायला बसलेली नाही. तिथे डाकेच्या, म्हणजे सांधायच्या धातूच्या, नावाखाली तोळ्यामागे गुंजा खाणारे लोक मी पाहिलेत, आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं हिशेब लिहून देणारेही. शोरूममध्ये छापील बिल मिळतं, हॉलमार्क असतो, बसायला खुर्ची असते. वैदेहीचं लग्न ठरलं, तेरा साली मे महिन्यात, तेव्हा दोन्ही मुलांचं एकच म्हणणं होतं. "आई, सराफ्यात गाडी लावायला जागा नाही, बिल नाही, डिझाइन तीच आजीच्या काळातली." चूक नव्हतं ते. मीही ऐकलं आणि आम्ही जालना रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. आत जाताच त्यांनी सीलबंद थंड पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या. चार दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या घरातून आम्ही आलो होतो. वैदेहीनं दोन बाटल्या संपवल्या. मला वाटलं, हे लोक व्यवस्थित आहेत.

वैदेहीच्या सेटसाठी मी माझ्या पाटल्या मोडायला नेल्या होत्या. चार तोळ्यांचा जोड. माझ्या सासूबाई द्वारकाबाई यांनी चौऱ्याहत्तर साली लग्नात माझ्या हातात घातलेला. बोलणी झाली तेव्हा माझ्या वडिलांसमोर, वैजापूरच्या आमच्या घरी बसून, सासूबाईंनी शब्द दिला होता की सुनेला चार तोळ्यांच्या पाटल्या घालीन. तो पाळला, म्हणून माझ्या माहेरी त्यांचं मोठं नाव होतं. पाटल्या नानासाहेबांकडच्या, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

शोरूमच्या मशीननं वरवर बघून सोनं चांगलं आहे असं सांगितलं. मग नियमाप्रमाणे त्यांनी एक पाटली कातरली. आत लाल तांबं. वर सोन्याचा पत्रा होता, जाड, सफाईनं चढवलेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे कोणी दिलं तुम्हाला?" शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. वैदेही म्हणाली, "आई, जाऊ दे, घरी चल." मी घरी गेले नाही. रिक्षा केली आणि थेट सराफ्यात.

अक्षय्य तृतीयेच्या आदला दिवस होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गादीवर नाना होते आणि शेजारी कृष्णा, तेव्हा पस्तिशीचा, नुकता बापाच्या हाताखाली तयार झालेला. मी दोन्ही पाटल्या, एक कातरलेली आणि एक अख्खी, गादीवर टाकल्या. ठेवल्या नाहीत, टाकल्या. म्हटलं, "एकोणचाळीस वर्षं हे तांबं माझ्या हातात होतं, नाना. माझ्या सासूबाई तुमच्यावर विसंबल्या. त्यांना फसवलंत, मला फसवलंत, अजून किती घरं फसवलीत ते देव जाणे." आवाज चढवूनच बोलले. ऑफिसात माझा आवाज जिन्यापर्यंत जायचा, तो त्या दिवशी सराफ्याच्या तोंडापर्यंत गेला असेल.

नानांनी अख्खी पाटली उचलली, फिरवून आतल्या अंगानं बघितली. बराच वेळ बघितली. कृष्णानंही वाकून बघितली आणि म्हणाला, "बाबा, हे आपलं काम नाय. आपला शिक्काच नाय ह्याच्यावर." नानांनी त्याला हातानं गप्प केलं. मग मला म्हणाले, "माझ्याच हातच्या आहेत, वहिनी. भरून देतो."

बस, एवढंच. गिऱ्हाइकं ऐकत होती. दोन बायका त्यांचा माल तसाच ठेवून उठून गेल्या. मला बरं वाटलं, हे लिहिल्याशिवाय हा कागद खरा होणार नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन सणाच्या दिवशी, दुकान बंद ठेवून नाना आमच्याकडे आले. शहागंजातून शेअर रिक्षा, पुढे पायी, भर दुपारी. गुलाबी कागदात चार तोळ्यांच्या नव्या पाटल्या, चोख सोन्याच्या, आत शिक्का. घराच्या पायरीवर उभे राहिले. मी आत या म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. नळ येऊन तीन दिवस झाले होते हे खरं, पण पिंपात पाणी होतं. त्यांनी कपाळ पुसलं, म्हणाले, "वैदेहीला आशीर्वाद सांगा," आणि गेले. मी पाटल्या घेतल्या. पावतीसुद्धा दिली नाही. त्याच आठवड्यात शोरूममध्ये नेऊन मोडल्या आणि वैदेहीचा सेट केला. वैदेही, तुझ्या गळ्यातल्या सेटमध्ये आजीचं सोनं आहे असं मी तुझ्या सासरी सांगितलं होतं. ते सोनं नाना डहाळ्यांचं आहे.

त्यानंतर मी भिशीतल्या अकरा जणींना ही गोष्ट सांगितली, त्यांच्या घरच्या लग्नांत सगळ्या शोरूमला गेल्या. ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना सांगितली. दुकान माझ्या एकटीमुळे बसलं असं म्हणणार नाही. त्या तीन-चार वर्षांत जालना रोडवर एकापुढे एक मोठी दुकानं उघडत होती आणि खेड्यांत पाऊस नव्हता, त्यामुळे लासूर-वैजापूरचं गिऱ्हाईक सराफ्यात येईना. पण बोट दाखवायचं काम मी केलं.

सोळा साली मे महिन्यात सासरच्या सातबाऱ्याच्या कामासाठी लासूर स्टेशनला गेले होते. पुन्हा दुष्काळच होता. भागूबाईंकडे जेवायला थांबले, त्या तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. बोलता बोलता मी त्यांना नानांची गोष्ट सांगितली. कौतुकानंच सांगितली, मी कसं पकडलं म्हणून. भागूबाई भाकरी थापायच्या थांबल्या.

"वैनी, तुमाला कुनी सांगितलंच नाय व्हय?" म्हणाल्या. "बहात्तरचा दुष्काळ. हिरीत थेंब नाय. आमची पाच घरं तुमच्या सासूच्या वट्यावर. माझं पोर अंगावर पीतं, अन् मला दूध नाय. बाईंनी हातातल्या पाटल्या काढल्या, मला संगं घेतलं अन् गाडीत बसून सराफ्यात नेलं. त्या मोडून जवारी आणली वैजापूरहून. आठ म्हैनं घातली आमच्या घरला. मंग तुमचं लगीन जमलं. बाईंनी चार मानसांत कबूल केलं व्हतं ना. परत गेलो. तो सोनार लई कवळा व्हता तवा, नुकता गादीवर बसलेला. बाई म्हनल्या, वर सोनं अन् आत काय बी घाल, सुगी झाली की खऱ्या करून घेईन, तवर कुनाला बोलायचं नाय, माझ्या सुनंला तर नायच नाय. त्यो म्हनला, करून देतो, पन शिक्का मारनार नाय. बाईंनी त्याला देवाची आन घातली."

सासूबाई शहात्तर साली कावीळ होऊन गेल्या. पाटल्या खऱ्या करायच्या राहून गेल्या. आणि नानांचा शब्द तसाच राहिला, कारण ज्यांनी घेतला त्याच परत देणाऱ्या होत्या.

घरी येऊन मी कपाटातलं पाकीट काढलं. त्या दोन पाटल्या मी त्या दिवशी गादीवरून परत उचलून आणून जपून ठेवल्या होत्या, पाकिटावर 'पुरावा' असं लिहून. नानांच्या हातची दुसरी एकही वस्तू बिनशिक्क्याची नव्हती. ऑफिसात शिक्का नसलेला कागद मी हातात घ्यायची नाही, टेबलावरूनच परत ढकलायची. आणि मनगटावर एकोणचाळीस वर्षं बघितलं नाही. दुकानात तर मुलानं तोंडानं सांगितलं, तेही ऐकलं नाही.

आता माझा गुन्हा. तेरा सालचा गुन्हा अज्ञानाचा होता असं फार तर म्हणता येईल. सोळानंतरचा तसा नाही. नाना हयात होते. रिक्षानं वीस मिनिटांचा रस्ता. मी गेले नाही. मनाला कारणं दिली, सासूबाईंचं नाव जाईल, वैदेहीच्या सासरी काय वाटेल, भिशीतल्या बायकांना काय सांगू. खरं कारण एवढंच, की माझं चुकलं हे वाक्य मला म्हणता येत नाही. श्रीधर असते तर त्यांनी मला हाताला धरून नेलं असतं.

एकदा गेले, अठराच्या दिवाळीच्या आधी. चांदीचं निरांजन घ्यायचं निमित्त केलं. दुकानात नाना एकटे होते. मला बघून त्यांनी स्टूल पुसलं, समोरून चहा मागवला. मी विचारलं, "कृष्णा दिसत नाही?" म्हणाले, "जालना रोडच्या शोरूमला लागलाय. पगार वेळेवर असतो." वाक्य माझ्या ओठांवर होतं. चहा संपला, निरांजन गुलाबी कागदात बांधून झालं, पैसे दिले, आणि मी उठले. पायरी उतरायला त्यांनी मला हात दिला. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले, हे मला पेपरमध्ये कळलं.

म्हणून हे कलम. बोरमाळ आणि बांगड्या, सगळं त्यांच्याच हातचं, त्यांच्याच मुलाकडे जावं. देताना वरद आणि वैदेही यांनी हे कलम कृष्णाला पूर्ण वाचून दाखवावं. 'पुरावा' लिहिलेलं पाकीट वरदनं ठेवावं. त्या पाटल्या तांब्याच्या आहेत, कारण त्यांच्या आधीच्या सोन्याच्या पाटल्यांनी पाच घरं जगवली. मनस्विनी मोठी झाली की तिला सांगावं. ती दागिने कुठून घेईल, शोरूममधून की आणखी कुठून, ते तिचं ती बघेल. मला त्यात काही सांगायचा अधिकार उरलेला नाही.

कलम ७. माझे दिवस-वार साधे करावेत. पेपरमध्ये फोटो देऊ नये, माझे फोटो चांगले येत नाहीत.

येथे दिनांक २ जून २०२४ रोजी लिहिणं संपवलं. सही करायची ठेवली, कारण साक्षीदार यायचे होते.

पुरवणी, दिनांक ९ जून २०२४.

एक साक्षीदार सराफ्यातलाच हवा असा माझा हट्ट होता. नानांच्या शेजारच्या गाळ्यात तात्यासाहेब उदावंत अजून बसतात, वय ऐंशी. मी पाटल्या टाकल्या त्या दिवशीही ते तिथेच होते. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, पण मी त्यांना कलम सहा वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

म्हणाले, "वहिनी, नाना तांबं इकणारा मानूस नव्हता, हे आमाला त्याच दिवशी ठाऊक होतं. तो कबूल का झाला एवढंच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हनायचा, जाऊ द्या." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "कृष्णाला हे कुनी सांगितलंय का?"

मी म्हटलं, नाही, माझ्यामागे मुलं वाचून दाखवतील.

"म्हंजे तुमी मरायची वाट बघायची का त्यानं?" ते म्हणाले. "त्या पोरानं बापाला चोर समजून दुकान सोडलंय. आता सही करत नाय मी. आधी जाऊन या."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, पोरगा पगारासाठी गेला.

काल शनिवारी दुपारी मी बोरमाळ आणि बांगड्या पिशवीत घालून जालना रोडला गेले. तीच शोरूम. दारातच थंड पाण्याची बाटली दिली. कृष्णा जुन्या सोन्याच्या काउंटरवर उभा होता, गळ्यात टाय, छातीवर नावाची पट्टी. केस पांढरे झालेत. मला ओळखलं. "या, बसा," म्हणाला, कोणालाही म्हणतात तसंच. मी बसले आणि सांगितलं. भागूबाईंनी सांगितलं तसं, सगळं, सासूबाईंची आण आणि नानांचा शब्द. आवाज माझा बसला होता, त्याला पुढे वाकून ऐकावं लागलं. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं, कृष्णा. तुझ्या वडिलांनी काही केलेलं नव्हतं."

त्यानं काउंटरची काच पुसली. मग बोलला ते सगळं इथे लिहिते, कारण मुलांना ते माहीत असावं.

"त्या दिवशी घरी गेल्यावर मी बाबांना विचारलं होतं, खरं का म्हणून. ते म्हणाले, 'मी बोललो ना दुकानात.' मी म्हणालो, मग आजपासून मी तुमच्या गादीवर बसणार नाय. बसलो पण नाय. एका घरात राह्यचो. जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच बोलायचो. कधी तेवढंही नाय. ते गेले तेव्हा मी इथं ड्युटीवर होतो. मला वाटायचं, एकदा तरी म्हणतील की चुकलं माझं. त्याचीच वाट बघत होतो मी."

मी पिशवी पुढे सरकवली. त्यानं तिला हात लावला नाही. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, आत्ताच, गेल्या महिन्यात. भागूबाई नाहीत, विचारायला कोणी उरलेलं नाही. मी म्हटलं, "सोळा साली. मे महिन्यात."

"बाबा एकोणीसला गेले," कृष्णा म्हणाला.

एवढ्यात एक जोडपं जुनं मंगळसूत्र घेऊन आलं. त्यानं पिशवी माझ्याकडे परत सरकवली, टाय सारखा केला आणि म्हणाला, "या सर, बसा." मी पिशवी उचलली. मग उठले.

कलम सहा रद्द करायला गेले होते, ते कायम ठेवावं लागत आहे. वाचून दाखवण्याची अट काढून टाकते, त्याला सगळं कळलं आहे. वरद, वैदेही, बोरमाळ आणि बांगड्या घेऊन तुम्ही कृष्णाकडे जा. शोरूममध्ये जाऊ नका, घरी जा. माझ्या वतीनं माफी मागू नका, ती माझी मी मागितली आणि उशिरा मागितली. त्याच्याजवळ बसा, त्याला वडिलांबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्या. नको म्हणाला तर परत या आणि पुन्हा जा. तीन वर्षं मी गेले नाही, तेवढ्या वेळा तुम्ही जा.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, बरोबर आहे, बदल करायचा नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर केली.

उमा श्रीधर लासूरकर (सही)

साक्षीदार:
१. तात्यासाहेब उदावंत, सराफा (सही)
२. डॉ. सोनिया गायकवाड, सिडको एन-सात (सही)

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ जून २०२४